कणगीतली पुस्तकं

ये गं, जरा जवळ सरक. फोनवर लांबून बोलतीस त्यानं माझं समाधान होत न्हाई, म्हणून हे लिहायला घेतलं. आधी रागवून घेते. परवा तू हसत हसत विचारलंस, आजी, मी पाठवलेली पुस्तकं पोरं वाचतात का उंदरांनी खाल्ली? नातीनं आजीला असं विचारावं व्हय? आता उंदराचं नाव काढलंसच, तर सगळं ऐक.

तू पुण्याहून तुझ्या लहानपणच्या पुस्तकांचं खोकं पाठवलंस, ते जीपवाल्यानं जवळा बाजार गावाहून आणून दिलं. आपल्या विहाराशेजारची खोली तुला आठवत असंल, मंडपाचं सामान पडून ऱ्हायचं ती. तिथंच गावाचं वाचनालय झालं. एक कपाट, एक सतरंजी, आणि सगळं बघायला रिटायर झालेले आपले गुरुजी. झाडायचं आणि कुलूप उघडायचं काम मी आपणहून मागून घेतलं.

मला तिथं बसायला आवडायचं, खरं कारण ते. मी शाळेत गेले न्हाई. अक्षरं उचलली ती तुझ्या बापाच्या पाटीवरून आणि दुकानाच्या फलकांवरून. पण पुस्तक धरलं की एका ओळीतच दम लागायचा. तांड्यावरची एक पोरगी रोज यायची, सातवीतली. ओळीवर बोट ठेवून मोठ्यानं वाचायची, मी झाडू मांडीवर घेऊन ऐकायची. मधेच पुस्तक माझ्याकडं सरकवायची. मी अडले की थांबायची, पण शब्द सांगायची न्हाई. म्हणायची, आजी, तुमीच काढा. इतक्या सबुरीनं मला जन्मात कुणी शिकवलं न्हाई.

तांड्यावरची माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात, लेकरं बी संग जातात, ती थेट उन्हाळ्यात परत येतात. त्या साली मुकादमाचा ट्रक सांगितल्याच्या आधीच आला. सकाळी मी खोली उघडून बसले, पोरगी आली न्हाई. तांड्यावर जाऊन पाहिलं तर दारांना कुलपं. आणि तुझ्या खोक्यातली निम्मी पुस्तकं तांड्यावरच्या लेकरांकडं.

गुरुजींना लई लागलं ते. त्यात गावातले काही जण येऊन टोचून गेले, तांड्यावर पुस्तकं दिलीच काहून, चुलीत गेली असतील म्हणून. गुरुजी म्हणाले, आता तांड्यावरच्या लेकरांना पुस्तक घरी द्यायचं न्हाई, वाचायचं तर इथं बसून वाचावं. मी म्हणलं, गुरुजी, ती पोरं दिवसा शेरडं राखतात, भावंडं सांभाळतात. वाचतात ते घरी, जेवणं झाल्यावर. इथं बसून वाचा म्हणजे वाचू नका म्हणल्यासारखंच झालं. त्यांना ते पटत होतं, पण म्हणाले, अशी पुस्तकं जात राहिली तर नवी आणू कुठून? शेवटी एवढंच कबूल करून घेतलं, की माणसं परत येईस्तोवर काही ठरवू नका.

पोरगी वाचत होती ती गोष्ट अर्धीच राहिली होती, पुस्तक कपाटात होतं. पुढं काय झालं ते सांगायला कुणी न्हाई. मग मीच ओळीवर बोट ठेवून बसले. एक पान लई पुरायचं बघ. गुरुजी पलीकडं पेपर वाचायचे. मी अडले की खाकरायचे, पण शब्द सांगायचे न्हाईत, त्यांनी बी पोरीचीच रीत उचलली होती. उन्हं तापायच्या आत गोष्ट संपली. आपली आपण वाचलेली माझी पहिली गोष्ट. पदर डोळ्याला लावला मी, गुरुजींनी पेपर वर धरला.

गुढीपाडवा झाला आणि तांडा परत आला. आल्या आल्या ती पोरगी आणि तिची आई वाचनालयाच्या ओट्यावर हजर. आईच्या डोक्यावर पाटी, पाटीवर फडकं. फडकं काढलं तर खाली पुस्तकं. गुरुजींनी वरचं एक उघडलं, तर पानांतून ज्वारी सांडली. मागून वाळलेला कडूलिंबाचा पाला, राख, आणि धान्यातला एक पोरकिडा तुरुतुरु गुरुजींच्या बाहीवर चढला.

"अहो बाई, पुस्तकं ज्वारीत घातली तुमी?" गुरुजींनी विचारलं.

"मग कुठं ठेवावं?" पोरीची आई म्हणाली. "ट्रक दारात उभा. आमी घर सोडलं की उंदरांचंच राज्य. कणगीत पाला टाकून ज्वारी भरलीच होती, त्यातच घातली अन् वरून शेणानं लिंपून घेतलं. जपायचं ते आमी तिथंच ठेवतो."

एकीनं केलं ते पाहून शेजारणीनं केलं, मग साऱ्या तांड्यानं. सगळ्यांची पुस्तकं पाच-सहा महिने कणगीत, भाकरीच्या ज्वारीसंगं. मी गुरुजींच्या तोंडाकडं बघून राहिले होते. त्यांनी बाहीवरचा किडा चिमटीत धरून बाहेर सोडला. मग पोरगी खाली बघत म्हणाली, एक पुस्तक राहिलंय, ते बुडाला गेलंय. गुरुजींनी विचारलं, ते कधी निघंल? तिची आई म्हणाली, खाऊ तसं निघंल. मला हसू आवरंना, आणि मग गुरुजी बी हसले. उठून कपाटाकडं गेले, एक नवं पुस्तक काढलं आणि पोरीच्या हातात दिलं.

"हे घरी ने," म्हणाले. "फक्त कणगीत घालू नको."

बाकीची पुस्तकं आमी बाजेवर उन्हात घातली, कुरडया वाळवाव्या तशी. काहींच्या पानांवर शेणाचे डाग राहिले, एकाची शिवण उसवली, ती मी सुईदोऱ्यानं घातली. बुडाचं पुस्तक पोळ्याच्या सुमारास निघालं. तुझंच ते, ज्यातला हत्ती तू लहानपणी हिरवा रंगवून ठेवलास आणि आईचा मार खाल्लास. तांड्यावरच्या लेकरांचं सगळ्यांत आवडतं पुस्तक तेच झालंय.

आता ऊसतोडीला निघायच्या आधी गुरुजी स्वतः लेकरांना पुस्तकांचं गाठोडं बांधून देतात, तिकडं कोपीत, पाचटाच्या झोपडीत, वाचायला. ती पोरगी आता जात न्हाई, आत्याकडं राहून दहावी करून राहिली. सांजच्याला बारक्यांना वाचून दाखवती, आणि मी अडले की अजून थांबती. तुझं खोकं आलं नसतं तर हे पत्र मी कुणाकडून तरी लिहून घेतलं असतं गं. तुझे उपकार कसे फेडू?

ती पोरगी विचारती, आजी, हत्ती हिरवा रंगवणारी दिसती कशी? मी म्हणते, येईल तवा बघ. तर आता ये. दिवाळीच्या आधी ये, तांडा रिकामा व्हायच्या आत. हत्तीच्या पुस्तकाला अजून कडूलिंबाचा वास येतो, हुंगून बघ एकदा. लवकर ये, बाई.