पत्रकं आणि दुसरा गिअर

त्या आठवड्यात दोन सकाळी आमची मोटारसायकल घाटकोपर सोडताच अडली. क्लच दाबून दुसरा गिअर टाकला की खालून कर्रर्र आवाज, एक झटका, आणि गाडी बंद. दोन्ही दिवस नाहूरच्या कारखान्यावर पोचलो ते पाळी आत गेल्यावर.

आता एकच सकाळ उरली होती. मालकाच्या नव्या करारावर कामगार त्या दुपारी हात वर करून मत देणार होते. कामावरून काढण्याची जी कलमं करारात दडवली होती, ती आमच्या पत्रकात उघडी केली होती. सातच्या आत ती वाटली नाहीत तर सगळी रद्दी.

गाडी मित्राची. मेकॅनिक त्याच्या चाळीखालचा मालवणी म्हातारा. दोनदा त्याने गाडी फिरवून आणली आणि म्हणाला, "गिअर लोण्यासारखो पडता."

मी चिडून मित्राला म्हटलं, "हा कारखान्याच्या मॅनेजरची स्कूटर दुरुस्त करतो. विकला गेलाय."

म्हाताऱ्याने ऐकलं. "मगे तूच उघड गिअरबॉक्स. तुझ्या पत्रकात लिवला असतला."

तिसऱ्या सकाळी तो स्वतःच तोंडात मिश्री घेऊन समोर उभा राहिला. "रोज निघतास तसे निघा. बघतंय."

पत्रकांवर बसायचं नाही, हा आमचा नियम. म्हणून सीटवर न ठेवता गठ्ठा आम्ही हँडलच्या डाव्या मुठीला लटकवायचो, सुतळीचे चार-पाच वेढे घट्ट मारून. म्हाताऱ्याने क्लच दाबला. क्लचची दांडी सुतळीवर टेकून अर्ध्यातच थांबली.

"क्लच पुरो सुटल्याशिवाय गिअर कसो पडतलो? माझ्याकडे येताना गठ्ठो काढून येतास. माका कसा कळतला?"

मित्र ओशाळला. दांडी अडते हे त्याच्या हाताला जाणवलं होतं, पण दोष गिअरबॉक्सचाच, हे आम्ही ठरवूनच टाकलं होतं.

म्हाताऱ्याने सुतळी कापली. "ह्येच्यावर बस आता."

"पत्रकांवर?"

"नाय तर चालत जा!"

आणि मी तिथे, त्या वेळेला, तत्त्वाचा वाद घातला. चांगली दहा मिनिटं. शेवटी मित्र ओरडला, "बस रे गाढवा!" तेव्हा बसलो.

गिअर एकदाही अडला नाही. पोचलो तेव्हा भोंगा वाजत होता. धावत आत शिरणाऱ्या मोजक्या लोकांच्या हातात पत्रकं कोंबली. एकजण फाटकाच्या आतून वाचता वाचता ओरडला, "हे काल का नाही आणलंस रे?"

"गिअर..." मी म्हणालो. तो पुढचं ऐकायला थांबला नाही.

दुपारी करार मंजूर झाला.