मंत्रीणबाईंच्या मानचिन्हावरची लेबलं

चहाचा कप जरा खाली ठेवा, ठसका लागेल. हातातोंडाशी आलेली एजन्सी मी माझ्याच हातानं कशी घालवली, ते सांगतो.

आमच्या सिंगापूरच्या मराठी व्यापाऱ्यांच्या मंडळानं एका ब्रिटिश मंत्रीणबाईंचा सत्कार ठरवला. नाव नको, उगाच कशाला! पितळी मानचिन्हाचं काम माझ्याकडे. मी झोकात इंग्रजीत कोरून घेतलं : ‘व्यापारमंत्री’.

आठ दिवसांत बाई शिक्षणमंत्री!

आता नवं मानचिन्ह? छे हो! तीस वर्षं तुआसच्या गोदामात लोणच्याच्या बरण्यांवर आयातदाराची लेबलं डकवतोय मी. सोनेरी लेबल छापलं, दिलं डकवून. महिन्याभरात बाई तुरुंगमंत्री. डकवा दुसरं! ते मंत्रिमंडळ आहे की जुरोंग ईस्टचं स्टेशन? जो तो आपला गाडी बदलतोय!

मुलगी आपल्या सिंगापुरी मराठीत म्हणाली, “बाबा, नवीन बनवा ना लाह! सो कंजूस!”

“अगं, बाई विमानात बसू देत तरी!”

आणि झालंच. बाईंनी राजीनामा दिला आणि थेट एका बिस्किट कंपनीच्या संचालक झाल्या. देशसेवेनं थकल्या होत्या म्हणे! आता इथं येणार होत्या त्या कंपनीसाठी एजंट नेमायला. उमेदवार दोनच : मी आणि मंडळातलेच आमचे देशपांडे.

मी तिसरं लेबल डकवलं. ‘संचालक’.

सत्कार झाला, शाल झाली, मानचिन्ह हातात दिलं. आणि हॉलच्या एसीत लेबलाचा कोपरा उचलला की हो! बाईंनी नखानं ओढलं. खाली ‘तुरुंगमंत्री’.

“अरे वा! इथं मी सहा आठवडे होते,” बाई माइकवरच म्हणाल्या.

पुन्हा ओढलं. ‘शिक्षणमंत्री’.

“हे पद मिळाल्याचं मला टीव्हीवरून कळलं.”

खाली कोरलेलं ‘व्यापारमंत्री’.

“आणि हे गेल्याचंही!”

हॉल हसून लोटपोट. पहिल्या रांगेत देशपांडे तर रुमालानं डोळे पुसतायत. पण बाईही हसत होत्या! मला वाटलं, जिंकलं! पुढं झालो आणि हळूच विचारलं, “मॅडम, मग आमच्या एजन्सीचं?”

“आमच्या बिस्किटांच्या पुड्यावर तारीख असते,” बाई गोड आवाजात म्हणाल्या. “ती उलटली की माल टाकून देता ना?”

“म्हणजे काय! लगेच! आईशप्पथ!”

बाईंनी हातातल्या गुंडाळलेल्या लेबलांकडे पाहिलं. “माझ्या बाबतीत तर तसं दिसत नाही.”



एजन्सी देशपांड्यांना गेली. पहिला कंटेनर उतरला, तसा त्यांचा फोन. म्हटलं, चिडवायला असेल. पण नाही. कामच द्यायचं होतं त्यांना.

“शेठ, सगळ्या पुड्यांवर आयातदार म्हणून माझ्या नावाची लेबलं डकवायचीत. तुमच्याइतका हात बसलेला माणूस अख्ख्या सिंगापुरात नाही हो!”