डावीकडचं मागचं दार

नानाकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी कन्नौदच्या थोडी अलीकडे होते. गाडी कडेला घेतली आणि फोन उचलला. बाबा म्हणाले, "ईशू, नाना गेले. सकाळी दाढी करताना..." मी नुसतं "हो" म्हणाले, मग "निघते" म्हणाले आणि फोन ठेवला. बाजूच्या आरशात गाडीचं डावीकडचं मागचं दार दिसत होतं, आणि पहिला विचार मनात आला तो असा, की आता या दाराची गोष्ट कुणी सांगणार नाही. रडू आलं नाही. सुटल्यासारखं वाटलं. याला आता सहा आठवडे झाले. तेराव्याला धारच्या घरी जो तो सांगत होता की नाना वरून कडक पण आतून फार प्रेमळ होते. मी सतरंजीच्या कडेला बसून ऐकत होते. आतलं मला कधी दिसलं नाही, त्यामुळे मी वरच्याबद्दलच लिहू शकते.

नानाकाका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. धारला बांधकाम खात्यात होते. सगळी नोकरी ठेकेदारांनी आणलेलं सिमेंट, सळया, खडी तपासण्यात गेली, आणि समोरचा माणूस फसवायलाच आला आहे हे त्यांनी तिथे जे एकदा धरलं ते निवृत्तीनंतरही सोडलं नाही. भाजीवाली, शिंपी, लग्नातला आचारी, सगळे ठेकेदारच. आमच्या सगळ्या घरांत मोठी खरेदी असली की त्यांना बोलावलं जाई. देवासला आमच्या घराची गच्ची घालताना त्यांनी सिमेंटची अर्धी गाडी परत पाठवली होती. बाबा तेव्हा आत जाऊन बसले होते. हे मी लहानपणापासून बघत आले : कुणाशी तरी वाकडं बोलायचं असलं की नानाकाकांना फोन करायचा, ते भांडून गेले की आपण त्या माणसाला चहा विचारायचा, आणि मग जेवताना नानांच्या स्वभावावर हसायचं.

माझं त्यांच्याशी बिनसलं ते मी दहा वर्षांची असताना. गणपतीत धारला सगळे जमले होते. त्यांनी मराठी पेपर माझ्या हातात दिला आणि मोठ्याने वाच म्हणाले. मी इंग्रजी शाळेतली. मराठी घरात बोलायची, वाचायची सवय नव्हती. एकेक अक्षर लावत दोन ओळी वाचल्या, तेवढ्यात ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "ऐका, आमच्या मिस वाचतायत." सगळे हसले. बाबाही हसले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'मिस' झाले, आणि त्यांच्यासमोर गरजेपेक्षा जास्त बोलायचं मी बंद केलं. मी मुळातच कमी बोलणारी, त्यामुळे हा फरक कुणाच्या लक्षात आला नाही.

दोन वर्षांपूर्वी कन्नौदच्या बँकेच्या शाखेत माझी बदली झाली. देवासहून बसने दोन-सव्वादोन तास जायला, तेवढेच यायला. मी पैसे साठवले, कर्ज मंजूर करून घेतलं, मॉडेल ठरवलं, रंगही ठरवला, करडा. आयुष्यात पहिल्यांदा एक मोठी गोष्ट मी कुणाला न विचारता ठरवत होते. मला एवढंच हवं होतं की ती शेवटपर्यंत मीच ठरवावी. पण शोरूममध्ये जायच्या आदल्या दिवशी बाबा म्हणाले, "नानांना बोलावलंय. तुला जमणार नाही गं ते भाव-बिव करणं." मला राग आला. पण मी काही बोलले नाही. हे माझं नेहमीचंच.

नानाकाका पेट्रोल वाचवायला आपली जुनी गाडी घरीच ठेवून धारहून बस बदलत बदलत आले ते काकूने भरून दिलेला चहाचा थर्मास घेऊन. शोरूमचा चहा ते घेत नसत. दुकानदाराचा चहा घेतला की जीभ नरम पडते म्हणायचे. बायपासवरच्या त्या काचेच्या शोरूममध्ये, पांढऱ्या सोफ्यावर पाय वर घेऊन त्यांनी घरचा चहा थर्मासच्या झाकणात ओतला, आणि समोरच्या सेल्समनला म्हणाले, "हां, अब बोलो, कितने में लूटोगे?" सेल्समनचं नाव विनय होतं. तिशीचा, नीट भांग पाडलेला, निळा टाय. त्याने न चिडता किंमत सांगितली. मग एकेक कलम घेऊन नानाकाका त्याच्यावर तुटून पडले. विमा बाहेरून घेणार. हँडलिंग चार्ज कसला, गाडी काय हातावर उचलून आणली? तो दर थोड्या वेळाने मॅनेजरशी बोलून येतो म्हणून काचेच्या केबिनमध्ये जाई, आणि तो उठला की नव्हे, तो समोर बसलेला असतानाच, नानाकाका बाबांशी आणि माझ्याशी मराठीत बोलत.

हे आमच्याकडे, माळव्यातल्या मराठी घरांत, सगळेच करतात. बाजारात हिंदी बोलायची आणि आपसातलं मराठीत, जणू मराठीला दार-खिडक्या आहेत आणि त्या लावून घेतल्या की बाहेर काही ऐकू जात नाही. नानाकाका बिनधास्त बोलत होते. हा टायवाला बोका आहे, याचं तोंड बघ, असलं सुरुवातीला. मग म्हणाले, "याच्या बापाने तरी कधी गाडी पाहिली असेल का?" बाबा ओशाळून हसले. मी विनयकडे बघत होते, कारण न बोलणाऱ्या माणसाला बघण्याशिवाय काम नसतं. तो कोटेशनच्या कागदावर आकडे लिहीत होता. त्या वाक्याला त्याचं पेन थांबलं. क्षणभरच, मग पुन्हा चालू लागलं.

मला कळलं. त्याच क्षणी कळलं.

दुसऱ्या भेटीत नानाकाका त्याच्यासमोरच बाबांना म्हणाले की आठ लाख वीसपर्यंत जायचं, त्यापुढे नाही, पण याला सात नव्वदच सांगतो. मी तेव्हा बोलू शकले असते. टेबलाखालून बाबांच्या पायाला पाय लावला असता तरी पुरलं असतं. पण थोड्या वेळापूर्वीच मी फ्लोअर मॅटबद्दल काहीतरी विचारलं होतं आणि नानाकाका म्हणाले होते, "मिस, तुम्ही फक्त रंग बघा." मी रंग बघत राहिले. दोन तास घासाघीस झाली. विनय तीनदा केबिनमध्ये जाऊन आला आणि आठ वीसवर येऊन थांबला. त्याखाली एक रुपया नाही. नानाकाकांना वाटलं त्यांनी त्याला बरोबर तिथे आणून सोडलं. बाहेर आल्यावर त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. मी मागून चालत होते आणि मला हसू येत होतं. चांगलं हसू नव्हतं ते.

गाडी घ्यायला गेलो त्या दिवशी तिच्यावर लाल साटिनचं कापड होतं, बोनेटवर हार होता, आणि फोटोसाठी पुठ्ठ्याची मोठी किल्ली तयार होती. विनयने कापड ओढलं. मी अजून गाडीला हातही लावला नव्हता, तेवढ्यात नानाकाकांनी खिशातून रुमाल काढला. त्यात एका जुन्या लाऊडस्पीकरचा गोल चुंबक बांधलेला असे. ही त्यांची खात्यातली सवय नव्हे, पुढे जुन्या गाड्या घेणाऱ्या कुणीतरी शिकवलेली. पत्र्याला चुंबक चिकटतो, पोचा बुजवायला पुट्टी भरलेली असली तर निसटतो. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून रुमाल, आणि चुंबक पडलाच तर झेलायला खाली डावा तळवा धरलेला. नव्या कोऱ्या गाडीभोवती, हार घातलेल्या गाडीभोवती, ते तसे वाकून फिरू लागले. शेजारी दुसरं एक कुटुंब पेढे वाटत होतं, तेही थांबून बघू लागलं. मला जमिनीत जावंसं वाटलं. आणि डावीकडच्या मागच्या दारावर चुंबक निसटला. त्यांनी पुन्हा लावला, पुन्हा तळव्यात आला. तिसऱ्यांदाही.

मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. ट्रान्सपोर्टमध्ये थोडा धक्का लागला असेल म्हणाला. तीन आठवड्यांत दुसरी गाडी देतो म्हणाला, हाच रंग. मी तोंड उघडलं. मला म्हणायचं होतं की चालेल, मी थांबते. मला धड गाडी हवी आहे. शब्द अगदी ओठांवर होते. नानाकाकांनी माझ्याकडे न बघता डावा तळवा माझ्यासमोर उभा धरला, थांब म्हणून, आणि मॅनेजरला म्हणाले, "दूसरी नहीं चाहिए. इसी में पच्चीस हजार कम करो, और मैट फ्री." मॅनेजर लगेच हो म्हणाला. इतका लगेच, की नानाकाकांनी त्याच्याकडे पुन्हा एकदा निरखून बघितलं. मग बाबांकडे वळून हसले. गाडी माझी, कर्ज माझं, रोजचा रस्ता माझा... आणि पुट्टी भरलेलं दार मला हवं आहे का, हे विचारावं असं त्या दोन भावांपैकी एकालाही वाटलं नाही.

तेव्हा मी बोलले. आवाज चढवला नाही. सगळ्यांसमोर, मराठीत.

"नानाकाका, यांना मराठी येतं. पहिल्या दिवसापासून."

त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग विनयकडे. विनय किल्लीचा पुठ्ठा धरून उभा होता. त्याने तो खाली ठेवला आणि म्हणाला, "माझी आई धारचीच आहे, काका. वडील ट्रक चालवायचे. गाड्या खूप पाहिल्या त्यांनी." आवाज अगदी साधा होता. नानाकाकांच्या चेहऱ्यावर मी असं काही कधी बघितलं नव्हतं. ते हिशेब करत असावेत : टायवाला बोका, बाप, आठ वीस. आणि मग, मला वाटतं, शेवटी माझ्यापाशी आले. मला माहीत होतं, आणि मी सांगितलं नव्हतं. त्यांनी चुंबक रुमालात नीट गुंडाळला, थर्मास उचलला आणि बाहेर जाऊन रिक्षा थांबवली. बाबा मागे धावले. ते बसस्टँडवरून परस्पर धारला गेले. फोटोत मी आणि बाबा आहोत, पुठ्ठ्याच्या किल्लीसह, दोघंही हसत नाही आहोत.

पुढच्या चौदा महिन्यांत मुंजी झाल्या, बारशी झाली, एक लग्न झालं. प्रत्येक ठिकाणी त्यांनी चुंबकाची गोष्ट सांगितली. दारावर चुंबक कसा निसटला, मॅनेजर कसा पळत आला, पंचवीस हजार कसे काढले. शेवट गाळलेला असे. मी खोलीत असले तरी सांगत, माझ्या डोक्यावरून, भिंतीकडे बघत. आणि मला 'मिस' म्हणणं त्यांनी बंद केलं. काहीच म्हणेनासे झाले. ताट वाढताना मी समोर आले तर हात आडवा धरत. वीस वर्षं ज्या शब्दाचा मला संताप येई तो गेल्यावर मी मोकळी होईन असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मी माफी मागितली नाही. त्यांनीही नाही. मागितली असती असं आता लिहिणं सोपं आहे, म्हणून लिहीत नाही.

अस्थी नर्मदेत सोडायला नेमावरला न्यायच्या ठरल्या. कन्नौदवरून पुढे जायचं, रस्ता माझ्या ओळखीचा, म्हणून गाडी माझीच. काकू मागे डावीकडे बसली, कलश मांडीवर घेऊन, त्याच दाराला टेकून. परतताना गाडीत बसण्याआधी तिने विचारलं, "हेच का गं ते दार?" मी हो म्हणाले. तिने हात फिरवून बघितला. "बाहेरून काही कळत नाही," म्हणाली.

गेल्या रविवारी नानाकाकांची जुनी पांढरी गाडी बघायला गिऱ्हाईक येणार होतं, म्हणून बाबा आणि मी धारला गेलो. गिऱ्हाईक चाळिशीचं, बडबडं. अंगणात गाडीभोवती फिरून तो माणूस म्हणाला, "भाभीजी, पचास से ऊपर तो नी होगा." बाबा काकूकडे वळले आणि त्याच्यासमोरच मराठीत म्हणाले, "वहिनी, सत्तर मागून बघतो, साठाला देऊन टाकू." त्या माणसाचा हात बोनेटवर होता, बोटं ताल धरत होती. ती थांबली. ते थांबणं मी ओळखलं.

"भिया, मराठी समझते हो?" मी विचारलं.

तो हसला. "थोड़ी-बोत, दीदी. इसी मोहल्ले में तो बड़े हुए."

बाबा खाली बघू लागले. मी काकूजवळ पायरीवर बसले आणि विचारलं, "काकू, तुला काय हवंय?" तिने गाडीकडे बघितलं. मग म्हणाली, "मला विकायचीच नाहीये." बाबा म्हणाले, पण वहिनी, चालवणार कोण. "ते बघू," काकू म्हणाली. "मला मांडूला जायचंय. तासाभराचा रस्ता, आणि छत्तीस वर्षं धारमध्ये आहे. दरवेळी म्हणायचे, तिथे सगळे लुटतात... लुटू देत." त्या माणसाने वाद घातला नाही. काकूने दिलेला चहा घेतला आणि गेला.

निघताना तिने कपाटातून रुमालाची गाठ आणून माझ्या हातात दिली. "त्यांनी तुला द्यायला सांगितलेला नाही हं," ती म्हणाली. "मला नकोय, म्हणून देतेय." मी थँक्यू म्हणाले. गाठ त्यांनीच मारलेली आहे, घट्ट, आणि मी ती सोडलेली नाही.

काल देवासला गाडी धुतल्यावर मी तो रुमालातला चुंबक डॅशबोर्डच्या खणातून काढला. पुढच्या दारावर लावला, चिकटला. बोनेटवर, छतावर, उजवीकडच्या दोन्ही दारांवर. मग डावीकडे आले आणि मागच्या दारावर लावला. तो निसटून हातात आला तेव्हा मला दिसलं, डावा तळवा मी आधीच खाली धरलेला होता.