शनिवारची खोडी

रविवारी सकाळी कुंदाताईंच्या मुलाचा, राहुलचा फोन आला तेव्हा मी नसरापूरच्या चौकात वडापाव खात उभा होतो. "काका, आई गेली," एवढंच तो बोलू शकला. भाटघरच्या घरी, झोपेतच. माझा विश्वास बसेना. आदल्या संध्याकाळी कुंदाताई क्लासला कुलूप लावून, माझ्याशी कडाकडा भांडून, "उरलेलं सोमवारी" असं बजावून एसटीत चढल्या होत्या. भांडण अर्धवट टाकून जाणारी बाई नव्हती ती…

भांडण होतं परीक्षेवरून. खताच्या दुकानावरच्या माडीत आम्ही दोघं सिस्टिम अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा क्लास चालवायचो. ऑफिसातले सर्व्हर, नेटवर्क, बॅकअप सांभाळणारी माणसं तयार करायची आणि शेवटी त्यांना प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसवायचं. ती परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं सगळ्या क्लासना विचारलं होतं, की पेपरात क्लाउड सेवा, म्हणजे कुठेतरी दूर असलेले भाड्याचे सर्व्हर, घालायच्या का? प्रत्येक क्लासचं एकच मत महिनाअखेरपर्यंत हवं होतं. मी म्हणायचो, घाला; नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न तोच विचारतात. ताईंची उभी हयात टेलिफोनच्या वायरी जोडण्यात गेलेली. त्या उसळायच्या, "हिर्डोशीच्या पोरींना गावात रेंज न्हाई. न दिसणाऱ्या मशीनचा सराव त्यांनी कुठं करायचा? पेपर शहरातल्या पोरांसाठी काढायचा, आन नापास आमच्या पोरींनी व्हायचं, व्हय रं सतीश?" यावर माझा नुसता आवाज चढायचा.

पण ताई हेकट नव्हत्या. "ज्याच्याशी भांडायचं त्याचं घर आधी बघून यावं," असं म्हणत साठी उलटल्यावर त्यांनी स्वतः क्लाउडची एक परीक्षा दिली आणि सपशेल आपटल्या. दुसऱ्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स घेऊन हजर! "म्या नापास झाले म्हंजी पेपर काढणारा लई हुशार हाय. त्याच्या नावानं तोंड गोड करा." मग रोज जेवणाच्या सुट्टीत एका हातात भाकरी आणि दुसऱ्या हातात माऊस, अशी आमच्या सरावाच्या क्लाउड सर्व्हरशी त्यांची झटापट सुरू झाली. पुढच्या खेपेला पास झाल्या. आता तरी मत बदललं का, असं मी छेडलं, तर "बघू" म्हणाल्या आणि डबा धुवायला गेल्या.

ताईंची शिकवायची तऱ्हाच और होती. शनिवारी सगळे गेले की त्या क्लासमध्ये एक बिघाड करून ठेवायच्या. एखादी वायर सैल करायच्या, नाहीतर कुठलंतरी सेटिंग फिरवायच्या. त्याला त्या खोडी म्हणत. सोमवारी मुलांनी ती शोधायची, आणि खोडीच्या शेजारी ठेवलेली श्रीखंडाची गोळी शोधणाऱ्याची. एकदा मुंग्यांच्या रांगेमागून जात पोरांनी बिघाड गाठला. मी चिडलो, पण ताईंनी त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. "लक्षण वळखलं ना त्यांनी? मग झालं तर!"

ताईंच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर आम्ही क्लास उघडला. मशीन सुरू केली, तर आमची सरावाची वेबसाइट उघडेना. मग मागच्या बाकावरून कुणीतरी हळूच म्हणालं, "ताईंची खोडी…" आणि डोळे पुसत पुसत सगळा वर्ग हसायला लागला. शनिवारी जाताना त्या आपलं काम करून गेल्या होत्या! वायरी तपासल्या, मशीनचे डबे उघडले, मी स्वतः टेबलाखाली रांगलो. सगळं जागच्या जागी. गोळीचा पत्ता नाही.

तेव्हा हिर्डोशीची वैशाली कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "सर, गोळीच न्हाई कुठं. म्हंजी खोडी ह्या खोलीतली न्हाईच. गोळी ठिवता येत न्हाई अशा जागी हाय ती." आमची वेबसाइट ज्यावर होती ते क्लाउडचं खातं तिनं उघडलं. तिथं बाहेरून कुणाला आत सोडायचं, हे ठरवणारे नियम असतात. त्यातला एक कुणीतरी बदलून वाट बंद केली होती. त्या नियमाचं नाव ठेवलं होतं, 'गोळी'.

मी खुर्चीत बसलो आणि पोरांसमोर ढसाढसा रडलो. लाज वाटली नाही. कितीतरी दिवसांत इतका आनंद झाला नव्हता. उरलेलं सोमवारी म्हणाल्या होत्या, आणि सांगितलं! परीक्षा क्लाउडपर्यंत न्यायलाच हवी, हे त्यांना पटलं होतं. आणि ज्या पोरींसाठी त्या भांडत होत्या, त्यांच्यातल्याच एकीनं ते शोधून काढलं, कारण सराव तिला क्लासमध्ये मिळाला होता. आम्ही मत कळवलं ते असं : क्लाउड पेपरात घाला, पण त्याचं प्रात्यक्षिक क्लासच्याच मशीनवर, क्लासच्याच इंटरनेटवर घ्या. निम्मं माझं, निम्मं ताईंचं. संस्था काय ठरवेल ते ठरवेल.

चौकातल्या दुकानातून मी श्रीखंडाची गोळी आणून वैशालीला दिली. ती गालात धरून तिनं विचारलं, "सर, हा नियम काढून टाकू?" वेबसाइट चालू करायची तर काहीतरी करावंच लागणार होतं. माझा जीव होईना. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नियम न काढता त्यातच बदल करून वाट मोकळी केली. नाव तसंच ठेवलं. आता रोज सकाळी पोरं मशीन सुरू करतात, आणि 'गोळी'तूनच आत जातात.