आमच्याकडे सगळं जेमतेम

अर्थशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलीपुढे तीन रस्ते असतात, असं आमच्या वलगावात सगळे धरून चालतात: बी.एड., स्पर्धा परीक्षा आणि लग्न. मला चौथा हवा होता. कुठला धंदा का चालतो, कुणाला किती भांडवल द्यावं, हे ठरवण्याच्या कामाचं मला वेड होतं, पण तिथे पोचायचं कुठून हे ठाऊक नव्हतं. अमरावतीच्या कॉलेजातल्या मॅडमनी वहीच्या मागच्या पानावर लिहून दिलं: बँकेची परीक्षा, कर्जतपासणीची नोकरी, शेअर बाजाराच्या कंपनीत विश्लेषक, नाहीतर एम.बी.ए. मी थेट शेवटच्यावर बोट ठेवलं. प्रवेश परीक्षेत चांगले गुण पडले आणि मी पुण्याला मुलाखतीला गेले.

"तुमचं गणित कसं आहे?" समोरच्या बाईंनी विचारलं.

"आहे जेमतेम," मी म्हणाले.

"आणि पुढे होऊन काही केलंय का कॉलेजात?"

"तसं काही विशेष नाही."

वर्गात मी तिन्ही वर्षं पहिली होते. पाच मिनिटांत बाहेर आले आणि महिन्याभरात नकारही आला.

आम्ही फुलं पिकवणारी माणसं. शेत झेंडूनं पिवळंजर्द झालेलं असो, बांधावरून कुणी विचारलं की बाबा म्हणणार, "हाय बापा, जेमतेम." चांगलं म्हटलं की नजर लागते, मग अळी तरी पडते, नाहीतर भाव तरी पडतो. हे कुणी शिकवावं लागत नाही. मुलाखतीत आपण खोटं बोललो असं मला वाटलंच नव्हतं. मी फक्त चांगल्या घरच्या मुलीसारखी वागले होते.

मॅडम भडकल्या. "मंग गेली कायले होती वो? पुण्याची हवा खाले?" राग उतरल्यावर म्हणाल्या, आधी दोन वर्षं नोकरी कर, चार धंदे आतून बघ, मग परत जा.

अकोल्यात छोट्या दुकानदारांना कर्ज देणाऱ्या एका कंपनीत लागले. जुन्या शहरातल्या गल्ल्यांमधून फिरायचं, धंदा कसा चालतो ते बघायचं आणि अहवाल द्यायचा. पहिल्याच आठवड्यात मिरची-हळद दळायच्या एका चक्कीवर गेले. मालकीणबाई म्हणाल्या, "कायचा धंदा वो बाई, जेमतेम चालू हाय." आमचे साहेब कोल्हापूरकडचे. बाई स्वतःच नाही म्हणतेय, तर आपण कशाला घोडं दामटायचं, असं म्हणून त्यांनी फाइल बाजूला ठेवली. मी मात्र दाराशी लागलेली डब्यांची रांग पाहून आले होते. प्रत्येक डब्यावर नावाची चिठ्ठी, एकूण एकोणचाळीस डबे, आणि दिवसही लग्नसराईतला नव्हे, साधा मंगळवार.

"साहेब, आमच्याकडे जेमतेम म्हणजे जोरात," मी म्हणाले. ते हसले, स्वतः जाऊन बघून आले आणि फाइल पास झाली. पुढे अवघड फायली ते माझ्याकडेच सरकवायला लागले. हे काम आपल्याला येतं, चांगलंच येतं, हे मनातल्या मनात म्हणतानाही मला लाज वाटली. पण फार बरंही वाटलं.

दोन वर्षांनी पुन्हा मुलाखत दिली. कानशिलं तापली, तरी स्वतःबद्दल खरं तेच बोलले. प्रवेश मिळाला. फीचा आकडा मात्र घराच्या आवाक्याबाहेरचा होता. शैक्षणिक कर्ज मिळालं तरच जाणं होतं, आणि त्यासाठी बँकेचा माणूस आमचं शेत बघायला येणार होता. बाबा त्याला काय सांगणार, हे मला चांगलंच माहीत होतं.

"बाबा, उद्या खरं ते सांगा," मी चारदा बजावलं. ते "हो, हो" म्हणत विहिरीकडे निघून गेले.

माणूस आला, तरुणच होता. चहा घेऊन त्यानं फॉर्म उघडला. "काका, फुलशेती कशी चाललीय?"

बाबांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली. "हाय..." म्हणाले आणि थांबले. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात आईनं माझा हात दाबून धरला. तो पोरगा पेन टेकवून वाट बघत होता.

बाबा उठले. "चाला, दाखवतो."

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून त्यांनी शेताकडे हात केला. "साहेब, यंदा फुलं लय चांगले हायेत. तोडाले माणसं पुरून नाई राहिले. मांगच्या सालीबी चांगलेच होते." बोलताना त्यांचा आवाज चिरकला, म्हणून की काय, ते आणखी मोठ्यानं म्हणाले, "लय चांगले!"

शेजारच्या शेतातले काका पाणी देता देता थबकले. असलं काही त्यांनी आमच्या धुऱ्यावरून कधी ऐकलं नव्हतं. "कावून गा," ते तिकडून ओरडले, "येवढं बोंबलून कायले सांगून राहिला?"

बाबांनी त्यांच्याकडे तोंड वळवलं.

"पोरीले पुढं शिकाले पाठवा लागते," ते म्हणाले.