न पेटलेला राब

राब म्हणजे भाताचं रोप ज्या तुकड्यात करायचं तो आधी भाजून काढणं. शेण, ऐनाच्या फांद्या, पाला, पेंढा, वरून माती, पावसाआधी पेटवायचं, म्हणजे गवताचं बी जळतं. भाजलेली जागाही राब आणि तिच्यात उगवलेलं रोपही राबच. माझी शाळा चौथीत सुटली, पण एवढं कुणाला विचारावं लागलं नाही. राबणं म्हणजे कष्ट, ते तर आईच्या कडेवर असतानाच बघितलं. आमच्या ओटीवर माणसांचा राबता असायचा, तो गेला. मुरबाडच्या कचेरीत योजना राबवतात म्हणे; तिथं वाकून राबताना मला कुणी दिसलं नाही.

यंदा मी एकट्यानं राब रचला. बांधापलीकडं मुंबईच्या शेठचं फार्महाऊस आहे, आणि माझा मुलगा तिथं राखणदार. पेटवायच्या सकाळी तो कुंपणातून आला, खांद्यावर शेठच्या हिरवळीचा लांब पाइप.

"बाबा, पेटवू नको. धूर तिकडं जातो."

"माझ्या बापानं धूर केला, तवा कुनाला ठसका नाय लागला."

"तवा तिथं कोन ऱ्हात नव्हतं."

"बरं, उद्या पेटवतो."

"उद्या पन नाय. त्यांना धूरच नको. मला काढतील, बाबा."

"काढू दे. राबतोस लोकांच्या दारात."

"तू जन्मभर घरच्या दारात राबलास. तुला काय भेटलं?"

मी काडी ओढली. त्यानं पाणी सोडलं. माझ्या डोळ्यांदेखत शेण वाहून बांधाला लागलं. काडी माझ्या बोटांपर्यंत जळत आली. चटका बसला तरी टाकली नाही, तो बघत होता म्हणून.

पाऊस आला. न भाजलेल्या मातीत मी हट्टानं भात पेरलं. भाताआधी गवतच वर आलं, इतकं दाट की रोप दिसेना. मी उकिडवा बसून उपटत होतो. मुलगा आला, शेजारी बसला आणि उपटू लागला. हात अजून चालतो त्याचा, मीच शिकवलाय. थोडा वेळ बरं वाटलं. ते मी दाखवलं नाही.

"ऱ्हाऊ दे," मी म्हटलं, "तिकडं शेठ वाट बघत असंल."

त्यानं हातातलं गवत बांधावर नीट ठेवलं, खाचरातल्या पाण्यात हात धुतले आणि कुंपणातून गेला. तिकडंही गवत वाढलं होतं. ते एकसारखं कापायचं होतं.