चोपणातला मोगरा

बावड्याच्या कुशाबाईंच्या अंगणात पस्तीस वर्षं फूल म्हणून नव्हतं. जागाच चोपण. ओली असली की पाय घोट्यापर्यंत रुतायचा, वाळली की विटेसारखी कडक व्हायची आणि वर मिठाची पांढरी साय धरायची. लग्नानंतर त्यांनी माहेराहून, कऱ्हाटीहून मोगऱ्याचं रोप आणलं होतं. ते पंधरा दिवसांत करपलं. पुढं जास्वंद गेली, गुलाबही गेला.

नवरा महिपती म्हणायचे, "अगं, हितं गवत धड येत न्हाय, तुझा मोगरा कुठनं यायचा?"

तीन वर्षांमागं त्यांच्याच ओसरीवर शेतकऱ्यांची बैठक झाली. चोपण जमीन कशी सुधारायची, हे सांगायला शेतीखात्याचा एक माणूस आला होता. मंडळी ऊसतोडीच्या गप्पांत रंगली होती. कुशाबाई मात्र चहाचा ट्रे हातात धरून दारातच उभ्या राहिल्या, आणि शेवटी त्यांनी विचारलं,

"साहेब, घरापुढं दोनच गुंठं असलं तर काय करायचं?"

सगळे हसले. साहेब हसला नाही. त्यानं नीट सांगितलं आणि सून उत्कर्षानं ते मोबाइलवर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी कुशाबाईंनी कुदळ घेतली. अंगणाच्या कडेनं ओढ्यापर्यंत कमरेइतका खोल चर खणायचा होता. उत्कर्षा लोणी देवकरच्या कंपनीतून सुटून आली की तीही पदर खोचून उतरायची. शेजारचे झुंबर एकदा कुंपणावरून वाकून म्हणाले,

"वहिनी, विहीर काढताय का काय?"

"मीठ काढतीया भावजी. तुमच्या कालवणाला लागलं तर न्या."

उन्हाळ्यात त्यांनी मातीतलं मीठ सुटं करणारं जिप्सम टाकलं. पावसाळ्यात क्षार चरातनं वाहून गेला. मग हिरवळीच्या खतासाठी ढैंचा पेरला आणि कंबरेला आल्यावर हिरवागारच मातीत गाडला. तरी पहिल्या वर्षी लावलेली मोगऱ्याची सहाही रोपं पिवळी पडून मेली. त्या दिवशी कुशाबाई जेवल्या नाहीत. पण दुसऱ्या वर्षी पुन्हा जिप्सम, पुन्हा ढैंचा. आता माती मुठीत धरली तर भुसभुशीत सुटायला लागली होती.

यंदा फाल्गुनात मोगऱ्याच्या अकरा झाडांना कळ्या लागल्या. जास्वंदीच्या जागी लावलेला गुलाब फुटला, कुंपणावर जाई चढली. पाडव्याच्या पहाटे उत्कर्षानं दार उघडलं आणि ती ओरडलीच, "आत्या, लवकर या!"

सगळं अंगण पांढरं झालं होतं. मिठानं नव्हे! कुशाबाई अनवाणीच वाफ्यात शिरल्या. फुलं वेचता वेचता ओटी भरली, मग परडी, मग घमेलं. गुढीला हातभर लांब हार झाला, तरी फुलं उरली. वास रस्त्यापर्यंत गेला. बायका आत डोकावून बघायला लागल्या आणि कुशाबाई प्रत्येकीच्या ओंजळीत फुलं घालत राहिल्या. गजरा त्यांनी स्वतःही माळला, चांगला भरगच्च.

दुपारी महिपती वाफ्यापाशी उकिडवे बसले. माती चिमटीत घेऊन त्यांनी चुरून बघितली.

"खालच्या रानात अर्धा एकर पड हाय," ते हळूच म्हणाले. "तितं जमंल का गं हे?"

"जमंल की. पण चर कमरेइतका लागतुया. उथळ चालायचा न्हाय."

"तू सांगशील तसं."

कुशाबाई खळखळून हसल्या आणि त्यांनी कुदळ नवऱ्याच्या हातात दिली.